एका रात्री एकच गोष्ट : गॉथिक कथांवरचे जुने भयपट पाहायला सुरुवात कशी करावी

गेल्या पावसाळ्यात भाची चार दिवस राहायला आली होती. "मामा, तुझे ते जुने भयपट दाखव ना," म्हणाली, आणि मी हरखून १९६२ चा 'टेल्स ऑफ टेरर' लावला. अगदी पहिल्या फ्रेमपासून. विसाव्या मिनिटाला तिनं विचारलं, "मामा, भूत कधी येणार?" चाळिसाव्या मिनिटाला ती मोबाइलमध्ये होती. चूक तिची नव्हती. मी पहिल्या गोष्टीपासून सुरुवात केली, तिन्ही गोष्टी सलग दाखवायचा घाट घातला, आणि मूळ कथा तिनं वाचल्यात का हे विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी क्रम बदलला, रोज एकच गोष्ट ठेवली आणि त्याआधी कथा वाचायला लावली. मग जमलं. पुढे दिलाय तो हा बदललेला क्रम.

आधी एवढं माहीत असू द्या

अँथॉलॉजी चित्रपट म्हणजे एकाच तिकिटात तीन-चार सुट्या गोष्टी. २००३ चा हिंदी 'डरना मना है' पाहिला असेल तर साचा ओळखीचा आहे. आपण ज्यांच्याकडे वळतोय ते चित्रपट बहुतेक १९६२ ते १९६८ मधले आणि त्यांच्या कथा एकोणिसाव्या शतकातल्या. लेखक तीन : एडगर ॲलन पो, नॅथॅनिएल हॉथॉर्न आणि रशियाचा अलेक्सेई टॉलस्टॉय. पडके वाडे, ओल आलेली तळघरं, घराण्याला लागलेला शाप, मेलेली बायको परत येणं, हे सगळं सामान म्हणजे गॉथिक.

१८४२ साली पोनं हॉथॉर्नच्या 'ट्वाइस-टोल्ड टेल्स' या संग्रहाचं परीक्षण लिहिलं. त्यात त्यानं कथेचं मापच ठरवून दिलं : अर्धा तास ते फार तर एक-दोन तास, एका बैठकीत वाचून संपली पाहिजे. मध्ये उठलात की परिणाम गेला. हे माप डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं. पोच्या कथेचा पूर्ण लांबीचा चित्रपट काढायचा म्हणजे आमटीत पाणी घालावंच लागतं. दिग्दर्शक रॉजर कॉर्मनच्या १९६१ च्या 'द पिट अँड द पेंड्युलम'मध्ये पोची मूळ कथा, म्हणजे एक कैदी, एक खड्डा आणि वरून खाली येणारा धारदार लंबक, फक्त शेवटाला येते. त्याआधीचं सगळं रिचर्ड मॅथेसन या पटकथालेखकानं रचलेलं आहे. (चांगलं रचलंय, पण ते पोचं नाही.) अँथॉलॉजीमध्ये एका कथेला अर्धा-पाऊण तास मिळतो आणि तेच या कथांचं खरं माप. मग तीन गोष्टी एका रात्रीत सलग पाहून आपणच ते मोडायचं कशाला?

पायरी १ : तयारी

पो आणि हॉथॉर्न यांच्या कथांवर आता कोणाचाही हक्क नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर त्या फुकट मिळतात. मोबाइलवर उतरवून घ्या, पण चित्रपट मोबाइलवर पाहू नका. हे चित्रपट अंधारात, मेणबत्त्यांच्या उजेडात घडतात आणि लहान पडद्यावर तो अंधार नुसता काळा डाग होतो. 'टेल्स ऑफ टेरर' रुंद पडद्यासाठी चित्रित झालाय, रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहून थोडी जास्त. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर तुमची प्रत बरोबर आहे. चित्र पडदाभर पसरलं असेल तर कोणीतरी दोन्ही बाजू कापल्यात. त्या कापलेल्या बाजूंनाच बहुतेक वेळा दुसरा माणूस उभा असतो.

सबटायटल्स लावा, इंग्रजी चांगलं असलं तरी. यातल्या पीटर लॉरी या नटाचं पुटपुटणं पहिल्यांदा कोणालाच नीट कळत नाही.

एक अपेक्षा मात्र दाराबाहेर काढून ठेवा. दचकवणं हा या चित्रपटांचा धंदा नाही. आवाज वाढवून अंगावर काही येत नाही. धुकं, कोळिष्टकं, रंगवलेले पडदे, चकचकीत लाल रक्त हे सगळं मुद्दाम नाटकी आहे. नाटक पाहायची सवय असलेल्या मराठी माणसाला याचा त्रास खरं तर कमीच व्हावा.

पायरी २ : मधली गोष्ट आधी पाहा

'टेल्स ऑफ टेरर'मध्ये तीन गोष्टी आहेत : 'मोरेला', 'द ब्लॅक कॅट' आणि 'द फॅक्ट्स इन द केस ऑफ एम. व्हाल्डेमार'. दिग्दर्शक कॉर्मन, पटकथा मॅथेसनची, आणि तिन्हींत नट व्हिन्सेंट प्राइस. सुरुवात मधल्या गोष्टीपासून करा.

पण आधी वाचन. या मधल्या गोष्टीत पोच्या दोन कथा एकत्र शिवल्यात : १८४३ ची 'द ब्लॅक कॅट' आणि १८४६ ची 'द कास्क ऑफ अमोंटिलाडो'. पोचं इंग्रजी जड वाटत असेल तर 'कास्क'नं सुरुवात करा. पंधरा-वीस मिनिटांत संपते. तीन शब्द आधीच सांगून ठेवतो म्हणजे अडणार नाही. अमोंटिलाडो ही स्पेनमधली शेरी, एक प्रकारची वाइन. 'नायटर' म्हणजे सोरा, तळघराच्या भिंतीवर पांढरा फुलतो तो. आणि 'मॉटली' म्हणजे विदूषकाचा रंगीबेरंगी पोशाख. कार्निव्हलचे दिवस असतात, आणि 'कास्क'मधला फॉर्च्युनाटो टोपीला घुंगरं बांधून मरणाकडे चालत जातो. ती घुंगरं शेवटच्या ओळींपर्यंत कानात ठेवा.

'द ब्लॅक कॅट' वाचताना सावध राहा. निवेदक दारूच्या नशेत स्वतःच्या मांजराचा डोळा काढतो आणि पो ते टाळत नाही. घरी मांजर असेल तर तो परिच्छेद ओलांडून पुढे जा, गोष्ट तुटत नाही. चित्रपटात तो प्रसंग नाहीच.

आता पडद्याकडे. पीटर लॉरी म्हणजे माँट्रेसर, खिशात दमडी नसलेला दारुडा. बायको अ‍ॅनाबेल, आणि तिचं काळं मांजर. एके दिवशी हा पठ्ठ्या वाइनच्या व्यापाऱ्यांच्या संमेलनात घुसतो आणि नामांकित चवपारखी फॉर्च्युनाटो ल्यूक्रेसी याला पैजेवर बसवतो. फॉर्च्युनाटो म्हणजे प्राइस. त्याच्याकडे नीट पाहा : तो आधी पेला उजेडाकडे धरतो, मग नाकाशी, मग एक थेंब जिभेवर, मग गाल आत ओढून तोंडाचा असा चंबू करतो की जणू त्यात मासाच शिरलाय. लॉरी सरळ पेला उपडा करतो, घटाघट पितो, आणि वाइनचं नाव बरोबर सांगतो. पुन्हा आणि पुन्हा. दोघांपैकी एकही जण दुसऱ्याला जागा देत नाही. पोच्या दोन कथांत मिळून यातलं अक्षरही नाही आणि तरी सगळ्या चित्रपटातली ही सर्वात जिवंत दहा मिनिटं आहेत. माझी भाची इथे पहिल्यांदा हसली आणि तिनं मोबाइल उलटा ठेवला.

पुढे बायको आणि फॉर्च्युनाटो यांचं सूत जमतं, आणि तळघरात विटा-चुन्याचं काम निघतं. शेवट कथेतलाच आहे : पोलीस येतात, आरोपीला आपल्या भिंतीचा फार अभिमान वाटतो, आणि भिंतीच्या आतून आवाज येतो. तुम्ही कथा वाचलेली असते, आवाज कोणाचा हे माहीत असतं, तरी भिंतीवर हात मारणाऱ्या लॉरीला थांबवावंसं वाटतं. कथा आधी वाचायची ती यासाठीच.

या भागातला विनोद कॉर्मन-मॅथेसनना इतका मानवला की पुढच्याच वर्षी त्यांनी पोच्या 'द रेव्हन' या कवितेवर अख्खा विनोदी चित्रपट काढला.

पायरी ३ : काय वाढवलं, काय गाळलं

दुसऱ्या रात्री 'व्हाल्डेमार'. ही कथा १८४५ च्या डिसेंबरात छापून आली तेव्हा अनेकांना ती खरी हकिगत वाटली होती, कारण पोनं ती डॉक्टरी टिपणासारखी लिहिली होती. मरणाऱ्या माणसाला ऐन मरणाच्या क्षणी मेस्मेरिझमनं, म्हणजे त्या काळच्या संमोहनानं, गुंगीत टाकतात. तो मरतो, पण सुटत नाही. सात महिने तसाच. लोकांनी विश्वास ठेवला यात फार नवल नाही, कारण त्याच वर्षी आपल्याकडे हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर रुग्णांना मेस्मेरिझमनं गुंगवून शस्त्रक्रिया करत होता.

कथा वाचून झाल्यावर एका कागदावर लिहा : या कथेत वाईट माणूस कोण? कोणीच नाही. निवेदकाला नुसतं कुतूहल आहे, व्हाल्डेमारनं स्वतः परवानगी दिलेली आहे. अंगावर काटा येतो तो या सभ्यपणामुळेच. मग चित्रपट पाहा. तिथे बेसिल रॅथबोन संमोहन करणारा कार्माइकल होऊन येतो आणि त्याला व्हाल्डेमारच्या बायकोशी लग्न करायचंय, म्हणून तो त्या बिचाऱ्याला मरू देत नाही. कथेत नसलेली बायको आली, खलनायक आला, हेतू आला, सूडही आला.

कागदाचे दोन भाग करा : एकीकडे वाढवलेलं, दुसरीकडे गाळलेलं. हा कागद पुढच्या प्रत्येक गोष्टीला काढायचा. तीन-चार गोष्टींनंतर लक्षात येतं की वाढवलेल्याच्या रकान्यात तेच-तेच येतंय. पोच्या कथेत एक माणूस एकटा बोलत असतो, कॅमेऱ्याला मात्र समोर दुसरं कोणीतरी लागतं.

शेवट मात्र बराचसा तसाच आहे. कथेत व्हाल्डेमार एका मिनिटाच्या आत हातांखाली कुजून जातो. १९६२ साली हे दाखवायचं तर मेण, रंग आणि प्राइसचा चेहरा, एवढंच होतं. जेवण झाल्यावर लगेच पाहू नका.

'मोरेला' या तिन्हींत शेवटी पाहा. मूळ कथा १८३५ ची, पाचेक पानांची. बाळंतपणात मेलेली आई मुलीत परत येते, आणि मुलीचं नाव ठेवायच्या क्षणी बापाच्या तोंडून आईचंच नाव निघतं. मुलगी म्हणते, मी इथेच आहे, आणि कोसळते. चित्रपटानं नेमका हा नामकरणाचा प्रसंग टाकून दिलाय, म्हणून माझं त्याच्याशी कधी जमलं नाही. पण शेवटची आग पाहा. कॉर्मननं १९६० च्या 'हाउस ऑफ अशर'साठी एक खरंखुरं जुनं कोठार पेटवून ते चित्रित केलं होतं, आणि ती जळती तुळई तो पुढे वर्षानुवर्षं वापरत राहिला. एकदा ओळखलीत की त्याच्या इतर पो-पटांतही ती तुम्हाला भेटेल, जुन्या शेजाऱ्यासारखी.

पायरी ४ : हॉथॉर्न, एकच गोष्ट

'ट्वाइस-टोल्ड टेल्स' (१९६३) हा पोच्या यशावर पाय ठेवून काढलेला चित्रपट. दिग्दर्शक सिडनी साल्को, आणि पुन्हा प्राइस. लांबी दोन तास. नाव हॉथॉर्नच्या संग्रहाचं असलं तरी त्या संग्रहातली कथा एकच : 'डॉ. हायडेगर्स एक्सपेरिमेंट'. चार म्हातारी माणसं तारुण्याचं पाणी पितात, घटकाभर तरुण होतात, पुन्हा म्हातारी होतात. कथेत कोणी मरत नाही. चित्रपटात मरतात. कागद काढा.

तिसरा भाग सोडून द्या. 'द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स' ही अख्खी कादंबरी, तिला अर्ध्या-पाऊण तासात कोंबलंय. ज्यांना प्राइस आवडतो त्यांच्यासाठी गंमत एवढीच की १९४० साली याच कादंबरीवरच्या चित्रपटातही तो होता.

पाहायची ती मधली, 'रॅपाचिनीज डॉटर' (कथा १८४४). इटलीतलं पादुआ शहर, विषारी झाडांची बाग, आणि त्या झाडांबरोबर वाढून स्वतःच विषारी झालेली बिआट्रिस. मराठी वाचक दुसऱ्याच पानावर म्हणेल, अरे, ही तर विषकन्या! बरोबरच आहे. हॉथॉर्नच्या कथेतला एक प्राध्यापक नायकाला सावध करताना जुन्या ग्रंथातली एक गोष्ट सांगतो : एका हिंदी राजपुत्रानं सिकंदराला एक सुंदर स्त्री भेट पाठवली, जन्मापासून विषावर वाढवलेली. 'मुद्राराक्षस' वाचलेल्या माणसाला आपल्याच घरची वस्तू पादुआच्या बागेत सापडल्यासारखं होतं.

पायरी ५ : फेलिनीची पैज

'स्पिरिट्स ऑफ द डेड' (१९६८) मध्ये पोच्या तीन कथा आणि तीन दिग्दर्शक. रॉजर वादिमचा पहिला भाग मी एकदा पाहिला, पुन्हा पाहणार नाही. जेन फोंडाचे पोशाख सुंदर आहेत. लुई मालचा 'विल्यम विल्सन' ठीक, त्यातला ब्रिजित बार्दो आणि आलँ दलों यांचा पत्त्यांचा डाव चांगलाच ताणलेला आहे.

तिसरा, फेडेरिको फेलिनीचा 'टोबी डॅमिट', यासाठीच हा चित्रपट घ्यायचा. मूळ कथा 'नेव्हर बेट द डेव्हिल युअर हेड' (१८४१) ही भयकथा नाहीच, ती टिंगल आहे. टोबीला "सैतानाशी डोक्याची पैज" असं म्हणायची खोड असते. एका पुलावरच्या फाटकावरून उडी मारताना त्याचं डोकं खरंच जातं आणि एक लंगडा म्हातारा गृहस्थ ते पदरात घेऊन चालू पडतो.

फेलिनीनं यातलं नाव, पैज आणि डोकं एवढंच ठेवलं. त्याचा टोबी (टेरेन्स स्टॅम्प) हा दारूनं पोखरलेला इंग्रज नट. येशूवरच्या वेस्टर्नमध्ये, म्हणजे काउबॉय-पटात, काम करायला तो रोमला येतो, कारण निर्मात्यांनी त्याला फेरारी गाडी कबूल केलीय. विमानतळावरचा नारिंगी उजेड पाहा, तिथेच कळतं की हा माणूस जिवंत असून नरकात उतरलाय. सैतान म्हणून येते ती एक लहान मुलगी, पांढरा चेंडू घेऊन. ही कल्पना त्याच्या दोन वर्षं आधी मारिओ बावा या इटालियन दिग्दर्शकाची वापरून झाली होती. आता आपण बावाकडेच जाऊ.

पायरी ६ : शेवटाला 'ब्लॅक सॅबथ', आणि प्रत तपासून

मारिओ बावाचा १९६३ चा 'ब्लॅक सॅबथ' दोन रूपांत मिळतो. अमेरिकी वितरकांनी गोष्टींचा क्रम फिरवला, संगीत बदललं आणि 'द टेलिफोन' या गोष्टीत नसलेलं भूत घुसवलं. तुम्ही इटालियन प्रत घ्या. ओळखायची खूण : 'द टेलिफोन' पहिली आली तर प्रत इटालियन, 'द ड्रॉप ऑफ वॉटर' पहिली आली तर अमेरिकी.

श्रेयनामावलीवर विसंबू नका. तिथे चेखवचंही नाव आहे, पण 'द ड्रॉप ऑफ वॉटर' चेखवची नाही. खरी उसनी कथा एकच, 'द वुर्दुलाक', आणि तिचा टॉलस्टॉय म्हणजे 'वॉर अँड पीस'वाला नव्हे, त्याचा दूरचा भाऊ अलेक्सेई. त्यानं ही कथा १८३९ च्या सुमारास फ्रेंचमध्ये लिहिली. 'द फॅमिली ऑफ द वुर्दालाक' या नावानं इंग्रजीत शोधा.

वुर्दालाक हा रक्तपिपासू, पण त्याला परक्याचं रक्त नको असतं. आपल्याच माणसांचं हवं असतं, ज्यांच्यावर जीव होता त्यांचं. म्हातारा गोर्चा एका लुटारूच्या मागावर जातो आणि मुलांना बजावतो : दहा दिवसांनंतर परत आलो तर मला घरात घेऊ नका. तो येतो ती अगदी मुदत भरते त्या घटकेला. वेळेत आला, की उशीर झाला? चित्रपटात दहाचे पाच दिवस झालेत आणि म्हातारा आहे बोरिस कारलॉफ, खांद्यावर फर, घरात शिरल्यावरही कोणाच्या डोळ्याला डोळा न देणारा.

आजवरच्या कागदावर आपण कथेच्या बाजूनं मत देत आलो. इथे उलटं होतं. कथेत एक साधू नायकाला दोन-चार वाक्यांत सांगून टाकतो की पुरलेलं पोर रात्री दाराशी येऊन थंडी वाजते म्हणालं आणि आईनं दार उघडलं. बावा या वाक्यांपाशी थांबला. बाहेर वारा, निळा-हिरवा अंधार, आणि त्यातून पोराची हाक : आई, मला थंडी वाजते. आईला माहीत आहे की आपण त्याला पुरलंय. नवरा तिला अडवतो. ती सुरी उचलते, पोरावर नाही, नवऱ्यावर, आणि दाराची कडी काढते. रात्री एका हाकेला ओ देऊ नये असं आमची आजी सांगायची. का, ते सांगायची नाही.

हा भाग सगळ्यात शेवटी ठेवला तो यासाठी, आणि रोज एकच गोष्ट हा नियमही आज मोडायचा. 'द वुर्दुलाक' संपल्यावर टीव्ही बंद करू नका, 'द ड्रॉप ऑफ वॉटर'ही पाहून टाका : मेलेल्या बाईच्या बोटातली अंगठी चोरणारी नर्स, एक माशी, आणि नळातून टपकणारा थेंब. त्यानंतर, फक्त इटालियन प्रतीत, कारलॉफ घोड्यावर दौडत निरोप घ्यायला येतो. बोलता-बोलता कॅमेरा मागे सरकतो. घोडा खोटा निघतो, आणि बाजूनं माणसं झाडांच्या फांद्या हातात धरून गोल-गोल धावत असतात. भाची इतकी हसली की शेजारच्या खोलीतून ताई उठून आली. दिवा लावायच्या आधी तेवढं पाहून घ्या.